वॉरगेममध्ये डिफेंडरला माघार घेऊ द्यायची का, आणि दिली तर त्याची किंमत काय ठेवायची?

पटावरचा_पाहुणा

मंडळी, एका ठिकाणी अडलोय, मदत हवीये. मी आणि माझा भाऊ मिळून दोन जणांचा एक वॉरगेम बनवतोय. हेक्सचा (षट्कोनी घरांचा) नकाशा, दोघांकडे पायदळ, घोडदळ आणि तोफा, एका हेक्समध्ये जास्तीत जास्त तीन युनिट, लढाई फाशांवर. बाकी गोष्टी बऱ्यापैकी जमल्यात पण माघारीचा नियम काही केल्या बसत नाहीये.

आधी असं ठेवलं होतं की हल्ला जाहीर झाला की डिफेंडरने ठरवायचं, लढायचं का एक हेक्स मागे जायचं, आणि मागे जायला काहीच किंमत नाही. मग काय, कोणी लढेचना. ज्याची फौज लहान तो दर वेळी एक हेक्स मागे, मोठी फौज त्याच्या मागे, नकाशाच्या कडेपर्यंत नुसता पाठशिवणीचा खेळ. मग उलटं करून बघितलं, माघार पूर्ण बंद, एक बाजू संपेपर्यंत फासे टाकत राहायचं. आता दोन मोठ्या लढाया झाल्या की निकाल लागतो आणि हरणाऱ्याला पुढचा सगळा वेळ करण्यासारखं काही उरत नाही.

तर प्रश्न असे की माघार लढाईच्या आधी द्यावी, मध्ये द्यावी का शेवटी? कुठल्या हेक्समध्ये जायचं ते कोण ठरवणार? किंमत युनिट मारून घ्यावी का दुसरी काही? आणि अजून एक अडचण, मागे गेलेलं युनिट आपल्याच दुसऱ्या युनिटच्या हेक्समध्ये जाऊन बसलं आणि त्याच टर्नमध्ये त्या हेक्सवर पण हल्ला झाला तर ते परत लढणार का? यावर आमची दोघांची रोज वादावादी होतेय.

फासेबहाद्दर

तुमच्या पहिल्या नियमात माघार फुकट होती म्हणून कोणी लढलं नाही आणि दुसऱ्यात माघारच नव्हती म्हणून सगळे मेले, म्हणजे गाडी अडलीये ती किंमतीवर. माझं मत विचाराल तर किंमत जीव घेऊन वसूल करू नका, वेळ घेऊन करा.

गेम ऑफ थ्रोन्सच्या बोर्ड गेमची दुसरी आवृत्ती (२०११) बघा. हरलेली फौज मागे जाते पण त्या युनिट्सच्या सोंगट्या आडव्या ठेवतात. आडवं युनिट तो राउंड संपेपर्यंत हलत नाही, त्याच्यावर हल्ला झाला तर त्याची ताकद शून्य धरतात, आणि दुसऱ्यांदा मागे जायची पाळी आली तर ते थेट मरतं. राउंड संपला की परत उभं. म्हणजे फौज वाचते पण राउंडभर लंगडी होते, आणि पाठलाग करणाऱ्याकडे त्या बाजूला अजून एक मार्चची ऑर्डर (चाल करायचा हुकूम) शिल्लक असेल तर तिला गाठून कापता येतं. मला हे फार आवडतं कारण यात पाठलाग करायचा का नाही हा जिंकणाऱ्यापुढचा खरा निर्णय होतो, नुसता फासा टाकून मिळणारं बक्षीस नाही.

वेळेचं म्हणाल तर ट्वायलाइट इम्पेरियमची चौथी आवृत्ती (२०१७) वाचून काढा. अंतराळातल्या लढाईत प्रत्येक राउंडच्या सुरुवातीला माघार जाहीर करायची असते, आधी डिफेंडरला विचारतात, त्याने जाहीर केली तर अटॅकरला त्या राउंडला जाहीर करता येत नाही. पण जाहीर करून लगेच सुटका होत नाही. त्या राउंडचे फासे दोघांनी टाकायचे, मार खायचा, आणि जे काही उरेल ते राउंडच्या शेवटी निघतं. निघायला शेजारची अशी सिस्टिम (नकाशाचा तुकडा) लागते जिथे दुसऱ्या कोणाची जहाजं नाहीत आणि आपलं एखादं युनिट किंवा आपल्या ताब्यातला ग्रह आहे. वर तिथे आपलं कमांड टोकन आधीच नसेल तर एक ठेवावं लागतं, म्हणजे ती जहाजं गेमच्या त्या राउंडपुरती (लढाईच्या नाही) तिथेच अडकून पडतात. जमिनीवरच्या लढाईत तर माघार नाहीच.

तुमच्यासाठी एवढंच करा, माघार राउंडच्या आधी जाहीर करायची आणि राउंड झाल्यावर अमलात आणायची. एक राउंड मार खाल्ल्याशिवाय कोणी सुटत नाही म्हटल्यावर पाठशिवणी आपोआप बंद होईल.

तोफखाना

मी जरा वेगळं सांगतो. डिफेंडरला माघार देऊच नका, फक्त अटॅकरला द्या. ॲक्सिस अँड अलाइज असंच चालतं. अटॅकर कुठल्याही राउंडनंतर थांबू शकतो, त्याची उरलेली फौज सगळी मिळून एकाच ठिकाणी जाते, आणि ते ठिकाण म्हणजे जिथून त्याच्या हल्ल्यातलं निदान एक युनिट आलं होतं असं आपल्या ताब्यातलं. समुद्रातून किनाऱ्यावर उतरलेल्यांना तीही सोय नाही. डिफेंडर मात्र जागेवरच लढतो, पाणबुडीने बुडी मारायची वगैरे अपवाद सोडले तर.

ऐकायला क्रूर वाटतं पण यात डिफेंडरचा निर्णय त्याच्या स्वतःच्या टर्नला झालेला असतो, पुढे किती युनिट ठेवायची आणि मागे किती. जे पुढे ठेवलं ते गेलं असं धरूनच ठेवायचं. नियम दोन ओळींत संपतो आणि दुसऱ्याच्या टर्नमध्ये प्रश्न विचारत बसावं लागत नाही.

पटावरचा_पाहुणा

@तोफखाना, पटतंय पण ॲक्सिस अँड अलाइजमध्ये दर टर्नला नवीन युनिट विकत घेता येतात ना, त्यामुळे मेलेल्यांचं तेवढं लागत नाही. आमच्याकडे भरती जवळपास नाहीच, सुरुवातीला मिळतं त्यातच शेवटपर्यंत भागवायचं.

तोफखाना

हां मग जमणार नाही. भरती नसेल तर फौज जिवंत राहायचा रस्ता हवाच.

षट्कोनी

उशिरा आले पण या विषयावर मला बरंच बोलायचंय, कारण जुने हेक्सवाले वॉरगेम मी सर्वात जास्त खेळलेय आणि त्यांच्यात माघारीचा नियम हाच अख्ख्या गेमचा कणा असतो हे फार थोड्यांच्या लक्षात येतं.

त्या गेम्समध्ये माघार ही डिफेंडरची मर्जी नसतेच, तो लढाईचा निकाल असतो. दोन बाजूंच्या ताकदीचं गुणोत्तर काढायचं, ३ ला १, २ ला १ असं, मग कॉम्बॅट टेबलवर एक फासा, आणि निकाल येतो डिफेंडर मागे, अटॅकर मागे, दोघांचं सारखं नुकसान, किंवा थेट खलास. आता मेख अशी की मागे जायला जागा नसेल तर "मागे" चा अर्थ "खलास" होतो. आणि जागा आहे का नाही हे फासा ठरवत नाही, तुम्ही हल्ल्याच्या आधी युनिट कुठे उभी केली त्यावर ठरतं.

कागदावर एक हेक्स काढा आणि त्याच्या भोवतीच्या सहा हेक्सना ओळीने १ ते ६ नंबर द्या. मध्ये शत्रू. तुमचं एक युनिट १ वर ठेवा, दुसरं बरोब्बर समोर ४ वर. प्रत्येक युनिटच्या शेजारचे सहा हेक्स म्हणजे त्याचा झोन ऑफ कंट्रोल, आणि शत्रूच्या झोनमध्ये माघार घेता येत नाही असा सर्वसाधारण नियम धरा. १ वरच्या युनिटचा झोन २ आणि ६ वर पडतो, ४ वरच्याचा ३ आणि ५ वर. झालं, सहाच्या सहा बंद, तेही फक्त दोन युनिटांत. आता ४ वरचं युनिट उचलून ३ वर ठेवा. त्याचा झोन २ आणि ४ वर पडला, १ वरच्याचा २ आणि ६ वर, म्हणजे ५ उघडा राहिला आणि शत्रू तिथून निसटला. ताकद तीच, फासा तोच, एका हेक्सच्या फरकाने एकदा अख्खी तुकडी मरते आणि एकदा नुसती मागे सरकते. पळता भुई थोडी होणं म्हणजे काय ते पटावर असं दिसतं. तुमच्याकडे घोडदळ आहे ना? मग त्याला कामच हे द्या, वळसा घालून मागचा हेक्स बंद करायचा. घोडदळाला वेगळा पाठलागाचा नियम लिहायची गरजसुद्धा पडणार नाही.

यावर डिफेंडरचा उतारा म्हणजे पाठीशी आपलं युनिट ठेवणं. बऱ्याच गेम्समध्ये ज्या हेक्समध्ये आपलं युनिट आहे तिथे शत्रूचा झोन माघारीपुरता धरत नाहीत, म्हणजे ती वाट उघडी राहते. मग अटॅकर काय करतो, हल्ले एकामागून एक सोडवायचे असल्यामुळे आधी त्या मागच्या युनिटवर हल्ला करून ते हटवतो आणि मग पुढच्यावर तुटून पडतो. हल्ल्यांचा क्रम लावणं हीच एक कला होऊन बसते.

दिशा कोणी ठरवायची तर दोन्ही पद्धती आहेत. ॲव्हलॉन हिल कंपनीच्या जुन्या गेम्समध्ये जिंकणारा हरलेल्याची युनिट उचलून मागे ठेवायचा, आणि साहजिकच सगळ्यात वाईट जागी ठेवायचा. नंतरच्या बऱ्याच गेम्समध्ये मालकाने स्वतः हलवायचं, पण आपल्या बाजूकडे. मला दुसरी पद्धत योग्य वाटते. जिंकणाऱ्याला दिशा दिली की तो पायदळाला नदीपलीकडच्या कुठल्या तरी कोपऱ्यात नेऊन टाकतो, कोणतीच फौज तिकडे पळाली नसती आणि बघणाऱ्याला ते पटत नाही.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न. त्याला जुनं आणि चांगलं उत्तर आहे. मागे येऊन दुसऱ्याच्या हेक्समध्ये बसलेलं युनिट त्याच टर्नमध्ये तिथे हल्ला झाला तर आपली ताकद बचावात मिळवत नाही, पण जो निकाल लागेल तो त्यालाही लागू. तो हेक्स मागे हटला तर ते पण हटतं, खलास झाला तर ते पण खलास. तुमचा वाद इथेच मिटायला हवा.

पटावरचा_पाहुणा

वा, शेवटचं उत्तर भावाला दाखवलं, दोघांनाही मान्य. दोन युनिट समोरासमोर ठेवून सहा हेक्स बंद होतात हे तर आम्ही कागदावर काढून बघितलं आणि बराच वेळ तेच करत बसलो.

पण एक शंका. आमच्याकडे टेबल नाही, प्रत्येक युनिट आपापले फासे टाकतं. पायदळाला ४ ताकद म्हणजे ४ फासे, ५ किंवा ६ पडला की हिट, प्रत्येक हिटला ताकद १ ने कमी. यात "मागे" हा निकाल आणायचा कुठून?

झेंडा_निशाण

मेमॉयर ४४ (२००४) मधून आणा! त्यात फाशावर चिन्हं आहेत, दोन बाजू पायदळ, एक रणगाडा, एक ग्रेनेड, एक तारा आणि एक झेंडा. झेंडा पडला की समोरच्या युनिटने एक हेक्स आपल्या कडेच्या दिशेने मागे जायचं, बाजूला नाही, मागेच. जागा नसेल तर जेवढे हेक्स मागे जाता आलं नाही तेवढ्या आकृत्या (युनिटमधल्या सोंगट्या) पटावरून उचलायच्या. पायदळ ४ आकृत्यांचं, रणगाडे ३, तोफखाना २, त्यामुळे तोफखान्याच्या मागे वाट नसेल तर दोन झेंड्यांत अख्खा तोफखाना जातो, एकही हिट न लागता. वाळूची पोती असतील तर एक झेंडा दुर्लक्षित करता येतो.

तुम्ही साध्या फाशावर १ पडला तर झेंडा असं धरा, ५-६ हिट, २-३-४ काही नाही. टेबल लागत नाही की हिशेब लागत नाही.

गंमत म्हणजे त्याच घराण्यातल्या कमांड्स अँड कलर्स एन्शंट्समध्ये (२००६) आपली दोन युनिट शेजारी असतील तर आधार मिळून एक झेंडा टाळता येतो, आणि टाळता आला नाही तर एका झेंड्याला युनिटच्या पूर्ण चालीएवढं मागे पळावं लागतं, म्हणजे हलकं घोडदळ ४ हेक्स. त्यामुळे मेमॉयरमध्ये युनिट मागेपुढे खेटून उभी केली की मागचं युनिट पुढच्याची वाट अडवतं आणि ते मरतं, आणि एन्शंट्समध्ये तशीच खेटून उभी केलेली रांग भिंतीसारखी टिकते. एकच माघारीचा नियम जरासा बदलला की खेळाडू युनिट उभी करायची पद्धतच बदलतात. तुमच्या गेममध्ये युनिट मोकळी पसरलेली दिसायला हवीत का रांग धरून, ते आधी ठरवा, आणि त्यावरून आधाराचा नियम ठेवायचा का नाही ते.

कूटनीती

इथे सगळे लढाईचं बोलतायत म्हणून डिप्लोमसी या बोर्ड गेमची (१९५९) आठवण करून देतो, जिथे फासाच नाही. हटवलेल्या युनिटला शेजारच्या रिकाम्या प्रांतात जाता येतं, पण ज्या प्रांतातून हल्लेखोर आला तिथे नाही, आणि त्याच टर्नला दोघांची टक्कर होऊन जो प्रांत रिकामा राहिला तिथेही नाही. दोन हटवलेली युनिट एकाच ठिकाणी गेली तर दोन्ही बाद. कुठेच जागा नसेल तर बाद.

पण यात माघार पुढेही घेता येते! इटलीने टायरोलियातून ट्रिएस्टवर हल्ला केला, एड्रियाटिकमधल्या आरमाराने साथ दिली, ऑस्ट्रियाची फौज हटली. व्हेनिस रिकामं असेल आणि तिथे टक्कर झालेली नसेल तर ती ऑस्ट्रियन फौज सरळ व्हेनिसमध्ये शिरू शकते, कारण हल्ला टायरोलियातून आला होता, व्हेनिसमधून नाही. हे शरद ऋतूत झालं तर व्हेनिसचं केंद्र (किती युनिट ठेवता येतील ते अशा केंद्रांवर ठरतं) ऑस्ट्रियाचं. म्हणून चांगला खेळाडू हल्ला करताना आधी बघतो की हटवलेलं युनिट जाणार कुठे. आणि कधी कधी हटलेला स्वतःहून युनिट बाद करतो, म्हणजे हिवाळ्यात केंद्रं पुरेशी असतील तर ते घराजवळ नवीन उभं करता येतं, जिथे खरी गरज आहे.

तुमच्या गेममध्ये "आपल्या कडेच्या दिशेने" असं लिहिलं नाहीत तर लोक हे करणार. ते हवं असेल तर जरूर ठेवा, फार रंगत येते, पण ठरवून ठेवा.

फासेबहाद्दर

@झेंडा_निशाण चा झेंडा आणि माझी आडवी सोंगटी एकत्र करता येईल की. झेंड्याने मागे गेलेलं युनिट आडवं, मालकाच्या पुढच्या टर्नला ते हलत नाही, फक्त उभं राहतं. @षट्कोनी बाईंचा कोंडीचा नियम त्यावर.

एक मात्र, डिफेंडरला स्वखुशीने निघायची सोय थोडी तरी ठेवा, नाहीतर शहाणपणाने वेळेत मागे जाणारा सेनापती गेममध्ये दिसणारच नाही. कोलंबिया कंपनीच्या ठोकळेवाल्या गेम्समध्ये, हॅमर ऑफ द स्कॉट्स (२००२) वगैरे, प्रत्येक ठोकळ्याला लढाईत आपली पाळी येते, ए मग बी मग सी, आणि पाळी आली की फासे टाकायचे नाहीतर निघायचं, दोन्ही नाही. चपळ ठोकळा त्या राउंडचा मार बसायच्या आधी निघतो, सी वाला सगळ्यांचा मार खाऊन मग निघतो. तुमचं घोडदळ ए, पायदळ बी, तोफा सी.

षट्कोनी

हे छान आहे. तोफा घेऊन घाईने पळता येत नाही हे वेगळं लिहावंच लागत नाही, पाळीतच येतं.

किंमतीची अजून एक बाजू सांगून ठेवते. पाथ्स ऑफ ग्लोरीत (१९९९) उलटं आहे, तिथे मागे जायची नाही तर मागे न जायची किंमत आहे. डिफेंडर हरला तर एक किंवा दोन जागा मागे, पण तो डोंगर, जंगल, दलदल अशा अवघड जागी किंवा खंदकात असेल तर अजून एक स्टेप (युनिटच्या ताकदीचा एक टप्पा) गमावून जागा धरून ठेवू शकतो. पहिल्या महायुद्धाच्या विषयाला ते चपखल बसतं, काही मैल जमिनीसाठी माणसं खर्ची घालायची का हा प्रश्न खेळाडूच्याच गळ्यात. तुमच्या नकाशावर किल्ला किंवा खिंड असेल तर तिथे हे वापरा, एक ताकद खर्च करा आणि झेंडा विसरा. नुसतं संरक्षणाला अधिक एक देण्यापेक्षा मला हे शंभर वेळा बरं वाटतं.

पटावरचा_पाहुणा

मंडळी, सगळ्यांचं वाचून आम्ही असं लिहिलंय. लढाई एका टर्नला एकच राउंड. पाळी घोडदळ, पायदळ, तोफा अशी, बरोबरीत डिफेंडर आधी. पाळीला फासे टाकायचे किंवा निघायचं. ५-६ हिट, १ म्हणजे झेंडा. मागे जाणं आपल्या कडेच्या दिशेने, शत्रूच्या झोनमध्ये नाही, पण आपलं युनिट तिथे असेल तर चालेल. मागे गेलेलं युनिट आडवं, पुढच्या आपल्या टर्नला फक्त उभं राहणार. वाट नसेल तर प्रत्येक झेंड्याला ताकद १ कमी. किल्ल्यात आणि खिंडीत ताकद १ देऊन झेंडा टाळता येतो.

आज लहान नकाशावर खेळून बघितलं. भावाचं ४ चं पायदळ माझ्या दोन घोडदळांमध्ये सापडलं, एक १ वर एक ४ वर, @षट्कोनी यांच्या कागदासारखं. दोन झेंडे आणि एक हिट. वाट नाही म्हणून ताकद ४ ची एकदम १ झाली. पुढच्या टर्नला त्याने शेजारच्या तोफा लगेच मागे काढल्या, कोणी सांगायच्या आधी. लढाई टाळण्यासाठी नाही, कोंडी दिसली म्हणून!

तोफखाना

मस्त झालंय. एक भोक राहिलंय पण. एका हेक्समध्ये तीनच युनिट बसतात म्हणालात, मग मागच्या हेक्समध्ये आधीच तीन असतील तर? वाट आहे धरायची का नाही?

फासेबहाद्दर

वाट नाही धरा. गेम ऑफ थ्रोन्समध्येही माघार घेताना रसद पुरत नसेल तर रसदेत बसतील एवढीच युनिट ठेवून बाकीची काढावी लागतात, गर्दीची सूट मिळत नाही. आणि अशाने राखीव फौज एक हेक्स सोडून मागे ठेवायची सवय लागेल.

षट्कोनी

सहमत, फक्त एक ओळ घाला, आडव्या युनिटचा झोन धरायचा नाही. नाहीतर मार खाऊन पडलेलं घोडदळ तिथूनच दुसऱ्याची वाट अडवत बसेल.